मत बुद्रुकात, मसणवट खुर्दात: एका वाड्याचे जनगणनेतील ठिकाण शोधताना

पार्श्वभूमी

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील एका तालुक्यात ‘क’ बुद्रुक आणि ‘क’ खुर्द ही दोन महसुली गावे शिवेला शीव लावून आहेत. दोन्ही गावांच्या वर, सड्यावर, गवळी-धनगरांची ३४ घरे आहेत. अशा वस्तीला येथे वाडा म्हणतात. आमच्या मोजणीच्या दिवशी तेथे १६३ माणसे राहत होती. मी या तालुक्यात ग्रामपंचायतींना पाणीपुरवठ्याच्या कामात मदत करतो आणि हे प्रकरण त्या कामातूनच माझ्याकडे आले. गावांची आणि माणसांची नावे येथे दिलेली नाहीत. आकडेही ओळख पटू नये एवढे बदलले आहेत, मात्र त्यांची परस्पर प्रमाणे कायम ठेवली आहेत.

पुढील मजकूर समजण्यासाठी एक गोष्ट आधी सांगावी लागेल. भारताच्या जनगणनेत ग्रामीण भागाचे सर्वांत लहान प्रसिद्ध होणारे एकक म्हणजे महसुली गाव. वाडी, पाडा, तांडा, वस्ती यांना स्वतंत्र क्रमांक मिळत नाही आणि त्यांची माणसे ज्या गावाच्या शिवेत ती वस्ती आहे, त्या गावाच्या बेरजेत मिळवली जातात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ४३,६६० गावे नोंदली गेली, त्यांपैकी ४०,९५९ गावांत वस्ती होती. उरलेल्या गावांत एकही माणूस राहत नाही. महसुली भाषेत त्यांना बेचिराग म्हणतात. तरीही त्यांना नाव आहे, क्षेत्रफळ आहे आणि सहा अंकी क्रमांकही आहे. आमच्या वाड्यावर रोज संध्याकाळी ३४ चुली पेटतात, पण त्याला यांपैकी काहीच नाही. नियमाने पाहता यात चूक काही नाही, कारण जनगणना गावांची यादी महसूल खात्याकडून घेते, स्वतः तयार करत नाही.

अडचण

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशन जाहीर झाले. दरडोई दररोज ५५ लिटर पाणी घरातल्या नळाने देण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे आणि त्यासाठी गावागणिक आराखडे तयार झाले. दोन्ही गावांच्या आराखड्यांत २०११ ची लोकसंख्या पायाभूत धरून पुढच्या वाढीचा हिशेब केला होता. वाडा मात्र यांपैकी एकाही आराखड्याच्या नकाशावर नव्हता. खुर्दच्या ग्रामपंचायतीचे म्हणणे असे की, वाड्यावरची मते बुद्रुकच्या यादीत आहेत, तेव्हा पाणीही बुद्रुकनेच द्यावे. बुद्रुकचे म्हणणे असे की, जमीन खुर्दच्या शिवेत आहे आणि परक्या शिवेत आपण पाइप टाकू शकत नाही. कागदावर दोघांचेही म्हणणे खरे होते.

पहिल्या भेटीत देवळाच्या कट्ट्यावर बसलेल्या एका आजींना मी विचारले, “आजी, तुमचं गाव कोणतं धरायचं?” त्यांनी हातातले दावे खाली ठेवले आणि म्हणाल्या, “लेकरा, मत बुद्रुकात, मसणवट खुर्दात, आन् दूध जातंय तिसऱ्याच गावाच्या डेअरीला. आता तूच सांग कुठलं.” पुढची दोन वर्षे आम्ही जे करत होतो, त्याचा सारांश त्यांनी असा पहिल्याच दिवशी सांगून टाकला होता.

२०२२ मध्ये वाड्यावरच्या तरुणांनी तालुक्याला अर्ज दिला. ‘आमची जनगणनेत मोजणीच झालेली नाही, म्हणून योजनेतून आम्हाला वगळले गेले’ असे त्यात लिहिले होते. त्या अर्जाचा मसुदा मी तपासला होता आणि ते वाक्य मी तसेच राहू दिले. पुरावा काहीच नव्हता. नकाशावर वाडा नाही, म्हणजे मोजणीतही नसणार, असे मी गृहीत धरले. संबंधित कार्यालयाने अर्ज फेटाळला आणि दोन ओळींत कळवले की, जनगणना संपूर्ण क्षेत्राची झालेली असून एखादी वस्ती वगळल्याचा आधार अर्जात नाही. त्या वेळी उत्तराचा राग आला, पण त्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते.

नोंदींचा शोध

अर्ज फेटाळल्यावर प्रश्न नव्याने मांडावा लागला. वाडा मोजला गेला की नाही हे बाजूला ठेवून, तो कोणत्या गावाच्या नावावर मोजला गेला ते शोधायचे ठरले.

सरळ मार्ग बंद होता. प्रगणकाने, म्हणजे घरोघरी जाऊन मोजणी करणाऱ्याने, भरलेल्या घरयाद्या आणि कुटुंबपत्रके कोणालाही पाहायला मिळत नाहीत. १९४८ च्या जनगणना अधिनियमाच्या कलम १५ नुसार ती पाहण्याचा हक्क कोणास नाही आणि दिवाणी दाव्यात ती पुरावा म्हणूनही चालत नाहीत. वाड्यावरच्या काही जणांना ही तरतूद अन्यायाची वाटली. मला ती योग्य वाटते, कारण घरोघरी उत्तरे खरी मिळतात ती याच भरवशावर. त्यामुळे गावपातळीवरच्या प्रसिद्ध बेरजांवरूनच अंदाज बांधायचा होता आणि त्यासाठी जिल्हा जनगणना हस्तपुस्तिका हाच आधार होता.

येथे माझी दुसरी चूक झाली. ‘क’ खुर्द हे नाव जिल्ह्यात दोन तालुक्यांत आहे. मी संगणकावर नावाने शोधून जो क्रमांक घेतला तो शेजारच्या तालुक्यातल्या गावाचा होता आणि त्या गावाच्या आकड्यांवर आम्ही तीन आठवडे तर्क लढवत बसलो. चूक उघड झाली ती क्षेत्रफळावरून. हस्तपुस्तिकेत ६१२ हेक्टर होते, तर तलाठ्याच्या दप्तरात ४३८ हेक्टर. (तलाठ्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, पण वाड्यावर अजून तलाठीच म्हणतात.) तेव्हापासून नाव, तालुका, क्रमांक आणि क्षेत्रफळ या चारही गोष्टी जुळल्याशिवाय एकही आकडा उतरवायचा नाही असा नियम केला. जुने आणि नवे क्रमांक जोडून घेणेही आवश्यक होते, कारण २००१ मध्ये गावाचा क्रमांक आठ अंकी होता आणि २०११ मध्ये तो सहा अंकी झाला. पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला क्रमांक अनेक गावांच्या बाबतीत २०११ च्या क्रमांकासारखाच असतो, मात्र तसा तो असेलच असे धरून चालता येत नाही.

योग्य गाव सापडल्यावर पहिला विचार असा आला की, समाजावरून वाडा ओळखता येईल. तो मार्गही बंद निघाला. स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनांत फक्त अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती वेगळ्या मोजल्या गेल्या. धनगर समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या ‘क’ गटात येतो, त्यामुळे गावाच्या तक्त्यात तो सर्वसाधारण बेरजेत मिसळून जातो. घाटमाथ्यावर वाड्याची पहिली ओळख समाजाचीच असते आणि नेमकी तीच जनगणनेच्या गावतक्त्यात दिसत नाही.

वाट दाखवली ती व्यवसायाच्या रकान्याने. २००१ आणि २०११ मध्ये काम करणाऱ्यांचे चारच वर्ग होते: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर कामगार. जनावरे पाळणारा माणूस यांत ‘इतर’ मध्ये जातो, शिक्षक आणि वाणी यांच्या सोबत. १९९१ मध्ये मात्र नऊ वर्ग होते आणि तिसरा वर्ग पशुपालन, वनकाम, मासेमारी, मळे व फळबागा यांचा होता. आमच्या या दोन गावांत मासेमारी नाही, मळे नाहीत, वनखात्याचे काम जवळजवळ नाही. म्हणजे त्या रकान्यात जे दिसेल ते मुख्यत्वे म्हशींमागे फिरणारे लोक. १९९१ च्या तक्त्यात खुर्दपुढे त्या रकान्यात ४१ होते आणि बुद्रुकपुढे ३. त्या वर्षी वाडा खुर्दमध्ये मोजला गेला होता, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

पुढच्या दहा वर्षांत खुर्दची कुटुंबे १२१ वरून ९७ वर आली आणि बुद्रुकची १८८ वरून २४१ वर गेली. यावरून वाडा २००१ मध्ये बुद्रुककडे सरकला असे म्हणण्याचा मोह होतो. पण घाटमाथ्यावरची माणसे मुंबईला जातात आणि खुर्दची घट त्या कारणानेही होऊ शकते. केवळ या आकड्यांवर निष्कर्ष काढला असता तर पहिल्या अर्जासारखीच गत झाली असती.

म्हणून आम्ही बुद्रुकच्या शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींना भेटलो. २०१० ची घरयादी आणि ९ ते २८ फेब्रुवारी २०११ ची प्रत्यक्ष गणना, दोन्ही वेळा ते प्रगणक होते. त्यांनी सांगितले, “वाड्यावरची पोरं माझ्याच शाळेत. घरं मला पाठ. मग तहसीलने ती मलाच दिली, आणि माझा प्रगणन गट बुद्रुकचा.” (प्रगणन गट म्हणजे एका प्रगणकाला मोजायला दिलेला भाग.) कोणी खोटेपणा केला नव्हता, कोणी आळसही केला नव्हता. चढण चढून वर जाणारा एकच माणूस होता आणि तो बुद्रुकचा होता. वाड्यावरच्या दोन घरांच्या लाकडी चौकटींवर गेरूने घातलेले जुने क्रमांकही आम्हाला दिसले, १११ आणि ११९. बुद्रुकच्या शेवटच्या आळीतल्या एका चौकटीवर ९६ होता. गुरुजींच्या सांगण्याशी हे जुळत होते, पण पल्स पोलिओची पथकेही दारांवर खुणा करून जातात, तेव्हा चौकटीवरच्या आकड्याला मी आधार मानले, पुरावा मानले नाही.

अडचणीचे खरे स्वरूप यातून उलगडले. २०११ मध्ये वाड्याची माणसे बुद्रुकच्या बेरजेत होती, म्हणून बुद्रुकची टाकी त्यांचा हिस्सा धरून बांधली गेली. पण बुद्रुक आणि वाडा यांच्यामध्ये खोल घळ आहे आणि त्या बाजूने पाइप चढवणे परवडणारे नाही. खुर्दची टाकी वाड्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि तिच्या हिशेबात वाडा नाही. १६३ माणसांना ५५ लिटरप्रमाणे दिवसाला सुमारे नऊ हजार लिटर पाणी लागते. ते कागदावर मंजूर होते, फक्त घळीच्या पलीकडे.

समोरचे पर्याय

वाड्यावरच्या बैठकीत चार मार्गांवर चर्चा झाली. तरुणांचा ओढा स्वतंत्र महसुली गावाकडे होता. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ खाली शासन नवे गाव निर्माण करू शकते आणि तसे झाल्यास वाड्याला स्वतःचा क्रमांक, स्वतःचा गावनकाशा आणि पुढच्या जनगणनेत स्वतःची ओळ मिळाली असती. हा मार्ग मोजणी, हरकती आणि अधिसूचना यांतून जातो आणि वाड्यावरच्या बहुतेक घरांखालची जमीन त्यांच्या नावावर नाही, हे त्यातले मोठे विघ्न होते. अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या पाड्यांना पेसा या तेथील पंचायत कायद्याच्या २०१४ च्या नियमांखाली ग्रामसभेच्या दृष्टीने स्वतंत्र गाव होण्याची वाट आहे. हा तालुका अनुसूचित क्षेत्रात नसल्याने ती उपलब्ध नव्हती.

शीव बदलून वाड्याची जमीन बुद्रुकला जोडावी, ही सूचना बुद्रुकच्या सरपंचांची होती. तिने मते आणि जमीन एका गावात आली असती, पण घळ होती तेथेच राहिली असती. उलट बाजूने, नमुना ८ (मतदारयादीतला पत्ता बदलण्याचा अर्ज) भरून सर्वांनी मतदारयादीत खुर्दच्या भागात जावे, असाही प्रस्ताव होता. त्याला म्हाताऱ्या माणसांचा विरोध होता, आणि तो मला समजला: बुद्रुकचे रेशन दुकान, शाळा आणि पंचायतीतली एक हक्काची जागा एवढ्या वर्षांत जमवलेली होती, ती एका पाइपासाठी सोडायची कशी?

चौथा मार्ग सर्वांत मुळमुळीत वाटत होता. शीव, मते यांना हात लावायचा नाही. वाड्याला खुर्दच्या शिवेतली वस्ती म्हणून नावानिशी, अक्षांश-रेखांशांसह प्रत्येक दप्तरात नोंदवून घ्यायचे, आणि पाण्याचा हिशेब त्या नोंदीवर दुरुस्त करून मागायचा. शेवटी हाच निवडला गेला. निर्णयाच्या मागे काळाचेही कारण होते. जनगणनेच्या आधी प्रशासकीय सीमा गोठवल्या जातात आणि त्या काळात नवे गाव किंवा शिवेचा बदल होत नाही. ही गोठवणीची तारीख २०१९ पासून अनेकदा पुढे ढकलली गेली होती, त्यामुळे नवे गाव व्हायला नेमका किती अवधी आहे, हे सांगता येत नव्हते. पुढे १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला आणि सीमाबदलासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची मुदत आली.

काय केले

आधी ठिकाण पक्के केले. मोबाइलवर प्रत्येक घराच्या उंबऱ्याशी उभे राहून अक्षांश-रेखांश घेतले आणि भूमी अभिलेख कार्यालयातून मिळवलेल्या गावनकाशावर ते बसवले. ३४ पैकी ३१ घरे खुर्दच्या जमिनीच्या दोन गट क्रमांकांत आली. तीन घरे मात्र बुद्रुकच्या शिवेत, ओढ्याच्या काठाला निघाली, आणि हे त्या तीन कुटुंबांनाही ठाऊक नव्हते. गावठाणांच्या ड्रोन मोजणीत वाडा आलेला नव्हता, कारण तो गावठाण नाही. त्यामुळे ही साधी मोजणी हाच उपलब्ध असलेला एकमेव नकाशा ठरला.

नंतर नावाचा प्रश्न आला, आणि त्याने अपेक्षेपेक्षा जास्त वेळ खाल्ला. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर येथे ‘धनगरवाडा’ लिहिलेले आहे, पण घाटमाथ्याच्या एकाच नकाशापत्रावर त्या नावाच्या चार-पाच वस्त्या सहज सापडतात. लोक आपसांत आडनावावरून म्हणतात, डेअरीच्या वहीत ‘वरचा वाडा’ आहे आणि रेशनकार्डांवर नुसते ‘क’. त्यात राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतलेला होता, त्यामुळे ग्रामसेवकांचा आग्रह नव्या नावाचा होता. वाड्यावर दोन बैठका झाल्या. नवे नाव स्वीकारायचे, पण ठरावात ‘पूर्वीचे नाव’ म्हणून जुनी तिन्ही नावे लिहायची, असे ठरले. जुनी नावे गळली असती तर पुढे नोंदी शोधणाऱ्याला १९९१ पर्यंत मागे जाता आले नसते.

खुर्दच्या ग्रामसभेने ठराव केला आणि तो एका पानाच्या ओळखपत्रकासह तलाठी, ग्रामपंचायत, पाणीपुरवठा उपविभाग आणि तहसील या चार ठिकाणी दिला. पत्रकात गावाचे नाव, तालुका, २०११ चा क्रमांक, गट क्रमांक, अक्षांश-रेखांश, घरांची संख्या आणि एक वाक्य होते: ‘ही वस्ती क खुर्द या महसुली गावाच्या शिवेत आहे; तिचे मतदार क बुद्रुकच्या यादीत आहेत.’ हे वाक्य गाळावे असे दोघांनी सुचवले, कारण त्याने वाद होईल. मी ते ठेवले. वाद आधीपासूनच होता, तो फक्त कागदावर नव्हता.

तहसीलमध्ये पत्रक देताना मागणी अगदी मोजकी ठेवली होती. तहसीलदार हे जनगणनेचे चार्ज अधिकारी, म्हणजे तालुक्यातल्या गणनेचे प्रमुख, असतात आणि गावे, त्यांतल्या वस्त्या व प्रगणन गट यांची नोंद चार्ज रजिस्टरमध्ये होते. त्या रजिस्टरमध्ये खुर्दखाली वाड्याचे नाव यावे आणि वाडा खुर्दच्या प्रगणन गटात धरावा, एवढेच मागितले.

काय झाले

चार्ज रजिस्टरमध्ये वाड्याचे नाव खुर्दखाली आले. म्हणजे या खेपेला वर चढणारा प्रगणक शाळेच्या ओळखीने न जाता शिवेच्या हिशेबाने जाईल. प्रसिद्ध तक्त्यात वाडा तरीही वेगळा दिसणार नाही. खुर्दची बेरीज वाढेल आणि बुद्रुकची घटेल. बुद्रुकच्या सरपंचांना ही घट खटकली आहे, आणि लोकसंख्येवर निधी मोजला जातो हे पाहता त्यांचे खटकणे समजण्यासारखे आहे.

पाण्याच्या बाबतीत खुर्दच्या योजनेला पुरवणी अंदाजपत्रक जोडण्याचा प्रस्ताव तयार झाला, तांत्रिक तपासणी झाली आणि निधीसाठी तो थांबला आहे. तोवर खुर्दच्या टाकीवरून वाड्याच्या तोंडाशी एक सार्वजनिक नळ आला. बायांची रोजची चढण अर्ध्यावर आली आहे, पण घरात नळ नाही. ओढ्याकाठच्या तीन घरांचा प्रश्न तसाच आहे, कारण खुर्दच्या ठरावात त्यांना घेता येत नव्हते आणि बुद्रुकने त्यांच्यासाठी वेगळा ठराव केलेला नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिला अर्ज लिहिण्यापूर्वी हस्तपुस्तिका उघडायला हवी होती. ‘मोजणी झाली नाही’ आणि ‘दुसऱ्या गावाच्या नावावर झाली’ या दोन तक्रारींची दारे वेगळी आहेत, आणि चुकीच्या दारात आमचे जवळपास वर्ष गेले. गुरुजींकडेही फार उशिरा गेलो. ते बुद्रुकात सगळ्यांच्या ओळखीचे, आमच्याही. पण कागद शोधण्याच्या नादात ज्याने मोजणी केली त्या माणसालाच विचारायचे राहिले.

स्वतंत्र गावाचा मार्ग सोडला, तो योग्य होता की नाही याबद्दल माझे मत अजून पक्के नाही. २०२२ मध्येच प्रस्ताव दाखल केला असता, तर मुदती पुढे सरकत राहिलेल्या त्या काळात तो कदाचित पार पडला असता. तेव्हा आम्ही त्याला अशक्य म्हणालो, ते जमिनीच्या मालकीकडे पाहून. अवधी किती मिळेल याचा विचार कोणी केलाच नव्हता. आता सीमा गोठलेल्या आहेत आणि तो प्रश्न गणना संपेपर्यंत काढता येणार नाही.

तीन घरांच्या बाबतीत मात्र चूक सरळ माझी आहे. घरांची जागा मी ग्रामसभेच्या ठरावाच्या आठवडाभर आधी मोजली. महिनाभर आधी मोजली असती, तर दोन्ही ग्रामपंचायतींचे ठराव एकाच वेळी मागता आले असते आणि बुद्रुकचे मन तेव्हा अजून खट्टू झालेले नव्हते. त्या तीन घरांपैकी एक घर कट्ट्यावरच्या आजींचे आहे. त्यांचे मत बुद्रुकात आहे आणि घरही बुद्रुकच्याच शिवेत निघाले, हे मी त्यांना नकाशा दाखवून सांगितले. त्यांनी नकाशाकडे बघितलेसुद्धा नाही. सार्वजनिक नळाला पाणी किती वाजता येते, ते विचारले.